रेकॉर्ड्स आणि डिजिटल फाईल्स एकाच सेटमध्ये कशा वाजवायच्या: जोडणीपासून मिक्सपर्यंत

कपाटात रेकॉर्ड्स आहेत, लॅपटॉपमध्ये त्याच्या कितीतरी पट फाईल्स आहेत, पण वाजवायला उभं राहिलं की एकतर पूर्ण सेट व्हायनलचा नाहीतर पूर्ण डिजिटलचा, असं बऱ्याच जणांचं होतं. दोन्ही एकत्र करायला गेलं की आवाज वरखाली होतो, बीट सुटतात, आणि मग माणूस वैतागून परत फाईल्सकडे वळतो. पण हे जमण्यासारखं आहे आणि एकदा जमलं की सोडवत नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. रेकॉर्डवर जे कोरलंय ते कोरलंय, त्यात ना क्यू पॉइंट (थेट उडी मारायची खूण) टाकता येत, ना ग्रिड (प्रत्येक बीटवरच्या खुणा), ना लूप (परत परत वाजणारा तुकडा). फाईलला यातलं सगळं करता येतं. म्हणून जुळवून घ्यायचं काम फाईलला द्यायचं. टेम्पो असो, सूर असो, लेव्हल असो, आधी फाईल हलवायची आणि रेकॉर्डला शक्यतो आहे तसं चालू द्यायचं.

जोडणी कुठली घ्यायची

सगळ्यात सोपी जोडणी म्हणजे दोन टर्नटेबल, एक किंवा दोन यूएसबी मीडिया प्लेअर, आणि मधे चार चॅनलचा मिक्सर. लॅपटॉप नाही, कॅलिब्रेशन नाही, पेनड्राइव्ह लावला की झालं. ज्याला खरी रेकॉर्ड भरपूर वाजवायची आहे त्याने हीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण रेकॉर्डचं काम टर्नटेबलवर आणि फाईलचं प्लेअरवर, अंधारात घाईत हात गेला तरी गोंधळ होत नाही.

दुसरी म्हणजे टाइमकोडची, जिला डीव्हीएस म्हणजे डिजिटल व्हायनल सिस्टीम म्हणतात. यात टर्नटेबलवर एक खास रेकॉर्ड असते, तिच्यावर गाणं नसतं, एकसारखा सूर असतो. डाव्या उजव्या चॅनलमधला तो सूर एकमेकांपेक्षा किंचित पुढेमागे ठेवलेला असतो, त्यावरून सॉफ्टवेअरला तबकडी सरळ फिरतेय की उलटी ते कळतं, सुराच्या उंचीवरून वेग कळतो, आणि त्यातच लपवलेल्या कोडवरून सुई नेमकी कुठे आहे ते कळतं. मग फाईल त्या हालचालीप्रमाणे वाजते. फायनल स्क्रॅच नावाच्या प्रणालीने हे २००० च्या आसपास बाजारात आणलं, २००४ मध्ये रेन आणि सेराटो या कंपन्यांचं स्क्रॅच लाइव्ह आलं आणि मग ते सगळीकडे पसरलं. सेराटोच्या रेकॉर्डवरचा सूर १ किलोहर्ट्झचा, ट्रॅक्टर या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरच्या नव्या रेकॉर्डवरचा २.५ किलोहर्ट्झचा, त्यामुळे सॉफ्टवेअर आणि टाइमकोड रेकॉर्डची जोडी बघूनच घ्या. फुकटात करून बघायचं असेल तर मिक्स (Mixxx) हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात टाइमकोड चालतो.

टाइमकोडवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. सॉफ्टवेअरमध्ये थ्रू नावाचा मोड असतो, त्यात खऱ्या रेकॉर्डचा आवाज जसाच्या तसा पुढे जातो. म्हणजे त्याच टर्नटेबलवर एकदा टाइमकोड, एकदा खरी रेकॉर्ड असं आलटून पालटून करता येतं. पण टाइमकोड फिरत असताना चॅनलचं बटण चुकून फोनोवर गेलं किंवा थ्रू चालू राहिला तर तो कर्कश सूर थेट स्पीकरमधून बाहेर पडतो, म्हणून आधी फेडर (चॅनलचा आवाज वरखाली करायची पट्टी) खाली, मग बटण, ही सवय हाताला लावून घ्या.

तिसरा प्रकार तबकडीवर छोटा सेन्सर ठेवायचा, फेजसारखा, जो फिरण्याची माहिती वायरलेस पाठवतो, त्यात सुई लागतच नाही. छान आहे, पण खरी रेकॉर्ड वाजवायला आर्म आणि सुई तयार ठेवावीच लागते, त्यामुळे मिश्र सेटमध्ये त्याचा फायदा निम्माच.

टर्नटेबल नीट लावणं

नुसत्या टाइमकोडवर वाजवणाऱ्यांना इथे थोडी ढिलाई चालून जाते, खरी रेकॉर्ड आली की चालत नाही. टर्नटेबलच्या लाल पांढऱ्या वायरी मिक्सरच्या फोनो इनपुटलाच जायला हव्यात. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्यातून, येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, काही मिलिव्होल्टच्या घरात, शिवाय रेकॉर्ड कापताना बेस कमी करून आणि वरचा आवाज वाढवून कापलेली असते, फोनो इनपुट ते उलटं करून सरळ करतं. लाइनला जोडलंत तर पातळ चिरका आवाज येईल, आणि उलट मीडिया प्लेअर फोनोला जोडलात तर आवाज फुटेल. सोबतची बारीक ग्राउंडची वायर मिक्सरच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट बसवा, गुणगुण येत असेल तर पहिला संशय तिच्यावर.

मग आर्म. अँटी-स्केटिंग (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ कमी करणारा नॉब) शून्यावर, मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगला पाहिजे, तिथे वजनावरचा आकड्यांचा रिंग फक्त शून्यावर आणायचा आणि मग वजन आणि रिंग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला भार द्यायचा. डीजे कार्ट्रिजला तो बहुतेक ३ ग्रॅमच्या आसपास असतो, काहींना ४ पर्यंत. सुई उडतेय म्हणून भार वाढवत नेऊ नका, टाइमकोड तो सहन करेल पण तुमची जुनी रेकॉर्ड झिजेल. झिजलेल्या सुईचंही तसंच आहे, टाइमकोडवर ती कित्येक दिवस कळत नाही कारण फाईल तर स्वच्छच वाजतेय, आणि तीच सुई तुम्ही खऱ्या रेकॉर्डवर ठेवता. म्हणून सुईची तब्येत नेहमी खरी रेकॉर्ड वाजवून तपासा, गाण्यातला स आणि श फाटल्यासारखा यायला लागला की सुई बदलायची वेळ झाली.

टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलवर कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात, पिच (वेग कमीजास्त करायची पट्टी) शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल दिव्यात स्थिर दिसली पाहिजे. ती सरकत असेल तर वेग बिघडलाय, आणि मग तुम्ही पुढे लिहिणार ते सगळे बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती बीट ते आकडे, चुकीचे.

टाइमकोडचं कॅलिब्रेशन

जे टाइमकोड वापरत नाहीत त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गोल दिसणारा स्कोप असतो. रेकॉर्ड फिरत असताना तिथे नीट गोल आला पाहिजे. लांबट अंडाकृती आला तर स्लायडरने गोल करा. गोलाऐवजी एक सरळ रेघच दिसली तर एक चॅनल गेलाय, आणि दहातल्या नऊ वेळा ते सॉफ्टवेअरचं काम नसतं, हेडशेलचं, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचं असतं. हेडशेल काढा, मागच्या चार पिना कोरड्या सुती कापडाने पुसा, आर्मच्या तोंडात बसवून रिंग घट्ट आवळा, मग कार्ट्रिजच्या मागच्या चार रंगीत वायरी, पांढरी, निळी, लाल, हिरवी, चिमट्याने हलकेच दाबून बघा. त्यातली एखादी सैल निघते. खऱ्या रेकॉर्डवर एक चॅनल गेला तर एका बाजूचा आवाज जातो इतकंच, टाइमकोडवर मात्र सॉफ्टवेअरला दिशा कळणं बंद होतं आणि ट्रॅक वेड्यासारखा पुढेमागे उड्या मारतो.

नॉइजची मर्यादा ठरवताना सुई रेकॉर्डवर ठेवायची, मोटर बंद, आणि खोलीत गाणं नेहमीच्या आवाजात चालू. शांत खोलीत ठरवलेली मर्यादा मोठ्या आवाजात कामाची नाही. बफरचं (सॉफ्टवेअर आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवतं तो तुकडा) म्हणाल तर ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद आणि ५१२ म्हणजे साधारण १२. स्क्रॅच करत नसाल तर उगाच सगळ्यात खाली नेऊन लॅपटॉपला घाम फोडू नका, आवाज तुटण्यापेक्षा थोडा उशीर परवडतो.

रेकॉर्ड्सची तयारी

हे कंटाळवाणं काम आहे पण सगळा सेट यावर चालतो. प्रत्येक रेकॉर्ड शून्य पिचवर लावा आणि बीपीएम मोजा, टॅप करून किंवा ३० सेकंद बीट मोजून दुप्पट करून. सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीनदा मोजा, कारण ड्रमर हाताने वाजवतोय अशा जुन्या रेकॉर्ड्स एकाच गाण्यात दोन-तीन बीपीएम इकडेतिकडे होतात. मग कव्हरवर छोटा कागद चिकटवा: बीपीएम सुरुवातीचा आणि शेवटचा, स्वर माहीत असेल तर तो, नुसते ड्रम किती बीट आहेत, आणि वेग मिनिटाला ३३ फेरे की ४५. लेबलवर एक रेघेचा स्टिकर लावा, म्हणजे पहिला बीट सुईखाली असताना रेघ घड्याळाच्या बाराच्या जागी येईल. झाला तुमचा क्यू पॉइंट.

वेगाची एक गंमत सांगून ठेवतो. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर टाकली की ती बरोबर ३५ टक्के वेगवान होते आणि ४५ ची ३३ वर टाकली की साधारण २६ टक्के हळू. म्हणजे १३० ची ४५ वाली रेकॉर्ड ३३ वर ९६ ला येते. वाद्यांच्या रेकॉर्ड्सवर हे कधीकधी इतकं सुंदर लागतं की मूळ वेगापेक्षा तेच आवडतं, दोन्ही बीपीएम कव्हरवर लिहून ठेवा.

फाईल्सची तयारी, रेकॉर्ड समोर ठेवून

इथे बहुतेक जण उलटं करतात, आधी फाईल्सची प्लेलिस्ट आणि मग त्यात रेकॉर्ड घुसवायला जागा शोधणं. उलट करा. आधी वाजवायच्या रेकॉर्ड्स काढा, आणि प्रत्येकीसाठी दोन-तीन फाईल्स शोधा ज्या तिच्या आधी किंवा नंतर येतील.

टेम्पो आणि सुराचं गणित इथेच कळतं, ते नीट बघा. समजा रेकॉर्ड ११८ ची आहे आणि फाईल १२४ ची. साध्या टर्नटेबलवर पिच बदलला की वेगाबरोबर सूरही बदलतो, त्याला इलाज नाही. साधारण ६ टक्के म्हणजे पूर्ण एक सेमीटोन. रेकॉर्ड ३ टक्के वर नेलीत तर ती अर्धा सेमीटोन वर जाते, म्हणजे दोन स्वरांच्या बरोबर मधे लटकते आणि की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावलेल्या कुठल्याच फाईलशी नीट जुळत नाही, बासरी आणि बेस दोन्ही बेसूर वाटतात. त्यापेक्षा रेकॉर्ड शून्यावर ठेवा, फाईल १२४ वरून ११८ ला आणा, म्हणजे साधारण ४.८ टक्के खाली, आणि की लॉक चालू. दोन्ही आपापल्या मूळ सुरात राहतात. की लॉक ५-६ टक्क्यांपर्यंत बहुतेक गाण्यांवर बरा चालतो, त्यापुढे हाय-हॅट चुरगळल्यासारखे आणि गायकाचा आवाज थरथरल्यासारखा व्हायला लागतो. रेकॉर्डच हलवावी लागली तर एकतर एखाद्या टक्क्याच्या आत राहा किंवा सरळ ६ टक्के वर जा आणि फाईलचा स्वर सॉफ्टवेअरमधून एक सेमीटोन वर करा. नुसते ड्रम असलेल्या भागात मिक्स करणार असाल तर हे सगळं विसरलात तरी चालेल, सूरच नाही तर बेसूर काय होणार.

फाईलवर क्यू पॉइंट कुठे टाकायचे? पहिला बीट तर आहेच, पण त्याशिवाय ड्रम एकटे वाजतात असा शेवटाजवळचा १६ बीटचा तुकडा शोधून तिथे लूप साठवून ठेवा. रेकॉर्ड लावताना तुम्हाला वेळ लागणार, कव्हरमधून काढायची, ब्रश मारायचा, सुई ठेवायची, बीट शोधायचा, आणि तोपर्यंत गाणं संपून जाईल. लूप तुम्हाला हवा तितका वेळ देतो. मिश्र सेटमध्ये फाईलचा एवढा मोठा उपयोग दुसरा नाही.

सात इंची रेकॉर्ड्समध्ये बरेचदा इंट्रो नसतोच, पहिल्या सेकंदाला गाणं सुरू. त्यासाठी त्याच बीपीएमचा चार मात्रांच्या चार आवर्तनांचा साधा ड्रम लूप फाईल म्हणून ठेवा, आधीच्या गाण्यातून त्या लूपवर यायचं आणि लूपवरून सात इंचीवर.

दुर्मिळ किंवा फार झिजलेली रेकॉर्ड असेल तर ती स्वतःच फाईल करून घ्या. स्वच्छ पुसून, शून्य पिचवर, मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज -६ डेसिबलच्या आसपास. खरखर काढणारे फिल्टर जपून वापरा, जास्त लावले की ड्रमची धार बोथट होते. एआयएफएफ मध्ये साठवलंत तर टॅग नीट राहतात आणि जुन्या मीडिया प्लेअरवरही चालतं, फ्लॅक सगळेच प्लेअर वाचत नाहीत. हाताने वाजवलेल्या ड्रमची फाईल असेल तर ग्रिड एकदाच टाकून सोडू नका, दर काही आवर्तनांनी पहिल्या बीटवर नवीन खूण टाकत जा, नाहीतर सिंक (दोन गाण्यांचे बीट आपोआप जुळवणारं बटण) तुम्हाला फसवणार.

लेव्हल

आजकालच्या फाईल्स खूप मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या असतात, जुनी एलपी त्यापुढे बिचारी वाटते. एका बाजूला जितकी जास्त मिनिटं, तितकी ती बाजू बारीक आवाजात कापावी लागते, म्हणून वीस-बावीस मिनिटांची एलपी हळू आणि ४५ ची बारा इंची सिंगल दणदणीत. रेकॉर्डचा गेन (चॅनलमध्ये आत येणाऱ्या आवाजाची पातळी) चढवत नेलात की त्याबरोबर खरखर, घरघर आणि फीडबॅक पण चढतो. म्हणून सेटमधली सगळ्यात हळू रेकॉर्ड आधी लावा, तिचा गेन आरामात ठेवा, आणि फाईल्स त्या पातळीला खाली आणा, सॉफ्टवेअरमधला ऑटो गेन कमी करून. मास्टरवरून एकूण आवाज नंतर वाढवता येतो.

इक्यूमध्ये (बेस, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करायचे नॉब) फाईलचा वरचा भाग थोडासा कमी करा, रेकॉर्डचे हाय मऊ असतात, लगेच शेजारी फाईल आली की कानाला टोचते. बेस दोघांचा एकत्र कधीच ठेवू नका.

फाईलवरून रेकॉर्डवर

फाईल चालू आहे, टेम्पो आधीच रेकॉर्डच्या बीपीएमवर हळूहळू आणून ठेवलाय, एकदम नाही, आधीच्या दोन-तीन मिनिटांत. लूप लावा. रेकॉर्डवर सुई ठेवा, हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. पहिला बीट शोधा, रेकॉर्ड बोटाने धरून थोडी पुढेमागे करा, मोटर खाली फिरत राहील, रेकॉर्डखालची गुळगुळीत चकती, स्लिपमॅट, घसरत राहील. फाईलच्या आवर्तनाचा एक मोजून सोडा, नुसतं सोडू नका, अगदी किंचित ढकला, कारण रेकॉर्डला वेग पकडायला क्षणभर लागतो.

आता ऐका. दोन्ही किक (मोठ्या ड्रमचे ठोके) एकावर एक पडल्या तर एकच घट्ट "धक" ऐकू येतो. सुटल्या तर "ध-धक". आता पुढे कोण आहे ते ओळखायचं. कळत नसेल तर रेकॉर्डच्या लेबलजवळ स्पिंडलला दोन बोटं लावून जरा पुढे फिरवा: "ध-धक" जवळ आले तर रेकॉर्ड मागे होती, लांब गेले तर पुढे होती आणि मग तबकडीच्या कडेला बोट हलकंच टेकवून मागे ओढा. हे सगळं रेकॉर्ड अजून फक्त हेडफोनमध्ये असताना. निदान ३२ बीट एकत्र टिकली तरच फेडर उचला.

फेडर वर गेला की मात्र रेकॉर्डला हात लावायचा नाही, आता सुटलं तर फाईल सरळ करायची, जॉगने (प्लेअरवरच्या फिरत्या चकतीने) किंवा पिचने, की लॉक चालू असल्यामुळे सूर हललेला फारसा जाणवत नाही. खरी रेकॉर्ड थोडी सरकतेच, भोक मधोमध नसतं, ड्रमर पुढेमागे होतो, म्हणून सिंक बटणाला इथे काही अर्थ नाही, त्याला रेकॉर्डची चाल दिसतच नाही. दर काही सेकंदांनी फाईलला बारीक धक्का द्यावा लागतो आणि तो कानानेच. मग १६ बीटच्या टोकाला बेस अदलाबदल करा, फाईलचा खाली, रेकॉर्डचा वर, लूप सोडा किंवा फेडरने हळू काढून घ्या.

रेकॉर्डवरून फाईलवर

हे सोपं आहे. चालू रेकॉर्डचा बीपीएम टॅप करा, कव्हरवरचा आकडा शेवटाजवळ बदललेला असू शकतो. फाईल त्या टेम्पोवर, क्यू पॉइंटवर तयार. आवर्तनाच्या एकला बटण दाबा. फाईल लगेच वेगात येते त्यामुळे ढकलायचं काही नसतं. फक्त एक करा, मिक्स लांबवू नका. रेकॉर्ड सरकणार आहे आणि तुम्ही फाईल तिच्यामागे ओढत राहणार आहात, ३२-६४ बीटमध्ये काम उरका. रेकॉर्ड बाहेर गेल्यावर फाईलचा टेम्पो जिथे न्यायचा तिथे सावकाश न्या, ग्रिड आता तुमच्या हातात आहे.

फीडबॅक आणि अडचणी

नुसत्या डिजिटलवाल्यांना हा प्रकार माहीतच नसतो. मोठ्या आवाजात बेस टेबलातून टर्नटेबलमध्ये शिरतो, सुई तो उचलते, परत स्पीकरमध्ये जातो, आणि घूंऽऽ असा आवाज वाढत जातो. लोक येण्याआधी तपासा: मोटर बंद, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई, फेडर आणि गेन वाजवणार तितका वर. काहीच यायला नको. घुमायला लागलं तर टर्नटेबलखाली जड फरशी आणि तिच्याखाली फोम टाका, टर्नटेबल स्पीकरपासून लांब आणि मॉनिटरपासून वेगळ्या टेबलावर ठेवा, आणि तरी राहिलं तर त्या चॅनलचा बेस आणि बूथ मॉनिटर (तुमच्याजवळचा स्पीकर) कमी करा.

टाइमकोड मधेच बिघडला, ट्रॅक अडखळायला लागला, तर आधी सुईवरचा कचरा बघा, ब्रश नेहमी मागून पुढे. नाहीच सुधारलं तर सॉफ्टवेअरमध्ये इंटरनल मोड दाबा, ट्रॅक तबकडीशिवाय आपोआप चालत राहतो, आणि तेवढ्यात हेडशेल बदला. एक जादा हेडशेल सुईसकट लावून तयार ठेवायलाच हवं. लॅपटॉपच बंद पडला तर दुसऱ्या टर्नटेबलवर कव्हरमधून काढलेली, पुसलेली, चॅनल फोनोवर असलेली एक लांब खरी रेकॉर्ड हवी, सात-आठ मिनिटांची, तेवढ्यात मशीन परत सुरू होतं.

सराव करताना प्रत्येक सेट रेकॉर्ड करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त जोड ऐका, जिथे फाईल जाऊन रेकॉर्ड येते ते तीस-चाळीस सेकंद. आवाज उडी मारतोय का, हाय टोचतायत का, बेस दोनदा आलाय का. जे जोड आवडतील ते लगेच रेकॉर्डच्या कव्हरवरच्या कागदावर फाईलच्या नावासकट लिहून टाका.